बैल मंदावला, म्हणजे नेमके काय झाले?

पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाची यात्रा होते आणि आंबेगाव-जुन्नरकडे घाटांच्या गप्पा सुरू होतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा लागल्या, की बैलगाड्यांचा हंगाम ऐन भरात येतो. त्याच सुमारास आणखी एक हंगाम चालू असतो, तो सौद्यांचा. अमक्याचा बैल दोन घाटांत मागे पडला. त्याचा पाय गेला म्हणतात. मालकाने तोंडी सौदा केला आहे, फक्त यात्रेपर्यंत थांबला आहे. मंचर, नारायणगाव, ओतूरच्या टपऱ्यांवर आणि गाडाप्रेमींच्या मोबाइलवर ही बातमी घोडीच्याही पुढे धावते. ज्या बैलाच्या नावाने काल गुलाल उधळला, त्याच्या किमतीतून आठवड्याभरात लाखाचा आकडा गळतो.

नावाजलेल्या बैलांचे व्यवहार आता दहा-दहा लाखांच्या पुढे जातात. अनेक घरांत अशा बैलामागे उसाचे किंवा कांद्याचे पैसे आणि सोसायटीचे कर्ज गुंतलेले असते. त्यामुळे बैल मंदावला ही त्या घरासाठी करमणुकीची बातमी राहत नाही. विकावा की थांबावे, औषध द्यावे की विश्रांती, हा निर्णय चार-आठ दिवसांत घ्यावा लागतो आणि तो बहुतेक वेळा अफवेच्या जोरावर घेतला जातो. खरे तर यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे बैलाच्या अंगातच असतात. ती शोधता येतात.

आधी घड्याळाकडे पाहू. पुणे जिल्ह्याच्या पद्धतीत प्रत्येक गाडा घाटात एकटा पळतो आणि बारी सेकंदांवर मोजली जाते. मोठ्या घाटांतली चांगली बारी साधारण अकरा-बारा सेकंदांची असते आणि पहिल्या-दुसऱ्यातला फरक सेकंदाच्या काही शतांशांचा. आता माणसांच्या मैदानाकडे पाहा. शंभर मीटरच्या शर्यतीत हातातल्या घड्याळाची वेळ विजेरी घड्याळाशी ताडून पाहायची असेल, तर तीत ०.२४ सेकंद मिळवण्याचा संकेत आहे, कारण माणसाचे बोट डोळ्यामागून चालते. म्हणजे जिथे अजून हाताने वेळ घेतली जाते, तिथे पाव सेकंदाचा फरक बैलाच्या पायापेक्षा घड्याळवाल्याच्या अंगठ्यातूनही येऊ शकतो. त्यात प्रत्येक घाटाची लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. एका गावच्या बारीवरून दुसऱ्या गावच्या बारीची तुलना करणे म्हणजे रस्त्यावर धावलेल्या मुलाची नांगरटीत धावलेल्या मुलाशी तुलना करणे.

संख्याशास्त्राचा एक जुना नियमही इथे लागू पडतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंच आईबापांच्या मुलांची उंची तपासताना तो मांडला. एखादे मोजमाप फारच वरचे आले, तर पुढचे मोजमाप सरासरीच्या जवळ येण्याची शक्यता जास्त असते. बैलाची एखादी बारी विलक्षण निघते तेव्हा अंगातला जोर, थंड हवा, जुळलेली जोडी आणि थोडे नशीब असे सगळे एकत्र आलेले असते. पुढच्या घाटात यातले एखादे कमी पडले, की बारी नेहमीसारखी होते. बैल होता तसाच असतो, पण लोक म्हणतात, उतरला. सर्वांत महाग बैल विकत घेतले जातात ते अशाच एखाद्या अपवादात्मक बारीनंतर, आणि घेणाऱ्याची निराशाही तिथूनच सुरू होते.

शिवाय पळतो तो गाडा, एकटा बैल नव्हे. धुरेची जोडी, तिच्यापुढे जुकाटाची जोडी आणि त्याही पुढे घोडी. एक बैल अर्ध्या पावलाने चुकला, तरी बाकी तिघांची लय मोडते. नाव मात्र ज्याची किंमत जास्त त्याचेच खराब होते. घाटामागून घाट एकेक बैल बदलून पाहणे आणि कोण कुठे जुंपला होता हे वहीत लिहून ठेवणे, एवढ्यानेही खरा दोषी बराचसा सापडतो. अशी वही ठेवणारे गाडामालक आहेत, पण थोडे.

हे सगळे वजा केल्यावरही बैल खरेच मंदावला असेल, तर मग शरीराकडे वळावे लागते. दहा-बारा सेकंदांची धाव स्नायूंत आधीच साठवलेल्या ऊर्जेवर चालते. श्वासातून घेतलेला प्राणवायू एवढ्या वेळात फारसा कामी येत नाही. हा साठा काही मिनिटांत बराचसा भरून निघतो. म्हणून एका बारीनंतर बैल दमला हे मंदावण्याचे कारण क्वचितच असते. कारण असते ते आठवड्यांमध्ये साचलेले. सरावाने स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना त्यासाठी महिने लागतात. तगडा दिसणारा बैल म्हणूनच फसवा ठरू शकतो. त्याच्या पुठ्ठ्यांत जोर आलेला असतो आणि पायातली दोरी अजून जुनीच असते. ती थोडी उसवली, की बैल लंगडत नाही, फक्त पाऊल आखडते घेतो. प्रेक्षकाला ते दिसत नाही, घड्याळाला दिसते. दुखावलेली कंडरा भरून यायला कित्येक महिने लागतात आणि भरलेली जागा पूर्वीइतकी लवचिक राहत नाही. एप्रिलमध्ये दुखावलेला बैल मे महिन्यात पळवणे म्हणजे तो पुढच्या वर्षासाठीही गमावणे.

वयाचे गणितही असेच आहे. बैलाचे वय दातांवरून पाहायची आपली रीत चांगली आहे. आदत, दोन दाती, चार दाती, मग जुळलेला. पण दात एक सांगतात आणि हाडे दुसरे. गुरांच्या पुढच्या पायातल्या लांब हाडांची टोके पूर्ण जुळायला साडेतीन-चार वर्षे लागू शकतात. तोपर्यंत तिथे कूर्चेचा मऊ थर असतो. आदत खोंडाने एखादा घाट मारला म्हणून त्याला हंगामभर पळवणे आणि दहा वर्षांच्या मुलाला रोज प्रौढांच्या कबड्डी संघात उतरवणे यात शरीराच्या दृष्टीने फरक नाही.

बैलाचा पाय दुखतो तेव्हा सगळे खांदा आणि गुडघा चाचपतात. गुरांच्या लंगडण्याचे मूळ मात्र बहुतेक वेळा खुरात असते. आणि खुराचे मूळ कधीकधी खुराकात. हा भाग गाडामालकांना पटवणे सर्वांत अवघड, कारण इथे प्रेम आड येते. पळणाऱ्या बैलाला अंडी, दूध, गव्हाचे पीठ, उडीद, बदाम, तूप असे सगळे दिले जाते. घरातल्या मुलांनाही मिळत नाही ते बैलाला मिळते. पण बैल हा रवंथ करणारा प्राणी. त्याच्या कोठीपोटात चारा कुजवून पचवणारे अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि त्यांना सवय असते ती वैरणीची. शर्यत जवळ आली म्हणून पिठाचा आणि धान्याचा मारा एकदम वाढवला, की तिथे आम्ल साचते. बैल रवंथ कमी करतो, शेण पातळ होते, आणि त्यामागोमाग खुराच्या आतला नाजूक थर सुजतो. बाहेरून खूर ठीक दिसतो. आत मात्र प्रत्येक पाऊल ठणकते. ज्या खुराकाने बैल तगडा व्हावा, तोच त्याला जमिनीवर पाय टेकवू देत नाही. खुराक वाढवायचाच असेल, तर तो दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा आणि वैरण कधीही तोडू नये.

आणखी दोन चोर आहेत. एक गोचीड ताप. यात रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. रक्तक्षय झालेली धावपटू मुलगी जशी सरावाला जाते पण वेग येत नाही, तसाच हा बैल. गुरांचे हिमोग्लोबिन साधारण ८ ते १५ ग्रॅम असते. एका साध्या रक्ततपासणीत उत्तर मिळते. दुसरा लम्पी. २०२२ च्या पावसाळ्याअखेरीस या आजाराने राज्यभरचे गुरांचे बाजार आणि शर्यती थांबवल्या होत्या. गाठी गेल्या, बैल खाऊ लागला, म्हणून तो बरा झाला असे समजले जाते. पण पायांवरची सूज आणि घटलेले वजन भरून यायला बराच काळ लागतो. जुवाखालची खांदेसूज तर डोळ्यांना दिसणारी, तरीही दुर्लक्षित. खांदा दुखणारा बैल जू टेकले, की अंग चोरतो आणि लोक त्याला भित्रा ठरवतात.

मग येते सुई. घाटाच्या आदल्या दिवशी दुखणे मारून बैल उभा करायचा. वेदना हा शरीराचा लगाम आहे. तो काढला, की उसवलेली कंडरा तुटेपर्यंत बैल पळतो. आणि औषध कोणते टोचले, यावर आणखी कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरीही माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्या फक्त ३ मिलीच्या एकमात्रा कुपीत विकण्याचा नियम झाला. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये याच कारणाने जनावरांसाठी बंद झाली. मेलोक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे, पण ते उपचारासाठी, बारी मारण्यासाठी नव्हे. मेडिकलच्या दुकानातून माणसाच्या नावाने नेलेली सुई बैलाला टोचणे हा उपचार म्हणता येणार नाही.

माणसांच्या खेळात हा प्रश्न कसा सोडवतात, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंची अदलाबदल संघ करतात आणि तिथेही महिनोन्‌महिने अफवा चालतात. पण सौदा जाहीर झाला, तरी वैद्यकीय तपासणीनंतरच तो पक्का होतो. २०१७ मध्ये बोस्टनचा आयझेया थॉमस हा बुटका पण भन्नाट खेळाडू, मागच्या हंगामात सामन्याला सरासरी २८.९ गुण काढणारा, क्लीव्हलँडकडे गेला. तपासणीत त्याच्या दुखावलेल्या खुब्याची काळजी वाटली, तेव्हा क्लीव्हलँडने सौदा अडवला आणि बोस्टनला आणखी मोबदला द्यावा लागला. काळजी खोटी नव्हती. थॉमस तिथे फक्त १५ सामने खेळला आणि पुन्हा दुसरीकडे पाठवला गेला. उलट उदाहरण कवाय लेनर्डचे. मांडीच्या दुखण्याने २०१७-१८ च्या हंगामात तो जेमतेम ९ सामने खेळला. संपला, असे बोलले गेले. टोरांटोने त्याला घेतले, ८२ पैकी ६० सामन्यांतच खेळवले, मधे मधे मुद्दाम बसवले आणि २०१९ मध्ये त्याच्या जोरावर विजेतेपद मिळवले. संघाने त्याला विश्रांती दिली, हे तिथल्या प्रेक्षकांनाही सुरुवातीला रुचले नव्हते.

आपल्याकडे तपासणी आहे, पण अर्धीच. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा वैध ठरवला. या अटींमुळे बैल पळण्यास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. चाबूक, विजेचा झटका, उत्तेजक औषध यांना मनाई आहे. विक्रीसाठी मात्र असे काही सक्तीचे नाही. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात घेणारा दात पाहतो, शेपटी पाहतो, चार पावले चालवतो आणि हातावर रुमाल टाकून बोटांनी भाव करतो. त्या ऐवजात रक्ताची एक तपासणी, खुरावर चिमट्याने दाब देऊन पाहणे, कठीण जमिनीवर लहान वर्तुळात दोन्ही बाजूंनी चालवणे आणि गरज पडली तर क्ष-किरण, एवढ्याचा खर्च किमतीच्या मानाने नगण्य आहे. विकणाऱ्यालाही त्यात तोटा नाही. खूर सुजल्यामुळे मंदावलेला बैल पाय गेलेल्या बैलाच्या भावात देऊन टाकणे हेच खरे नुकसान. पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल आणताना शेवटच्या पाच-सहा बाऱ्यांची नोंद, खुराकातले बदल आणि टोचलेल्या सुयांची नावे सोबत आणली, तर निदान निम्म्याहून अधिक तिथेच होते. सुयांची नावे लपवू नयेत. डॉक्टर रागावतील, पण बैल वाचेल.

विश्रांती द्यायचे ठरले, तर ती गोठ्यात बांधून ठेवण्याची नसावी. बांधलेल्या बैलाचे स्नायू झिजतात. रोज मऊ मातीत सावकाश चालणे आणि घोड, मीना, कुकडीच्या शांत पाण्यात पोहणे हा त्याचा उत्तम व्यायाम आहे, कारण पाण्यात पायांवर वजन येत नाही. पोहणी आपल्याकडे पूर्वीपासून आहे, फक्त ती शर्यतीच्या तयारीसाठी वापरतात, दुखापतीनंतर फारशी नाही. उन्हाचीही काळजी हवी. बैलाला घोड्याइतका घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पिकअपमध्ये भर दुपारी दोन तास उभा राहून आलेला बैल घाटावर उतरतो तेव्हाच त्याची निम्मी बारी संपलेली असते.

आणि ज्याचा पाय खरोखरच गेला, त्याचे काय? २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. बैल पंधरा-वीस वर्षे जगू शकतो, पळण्याची वर्षे त्यातली थोडी. न पळणाऱ्या बैलालाही रोज वैरण, पाणी आणि सावली लागते आणि तो खर्च कुणाच्याही हिशेबात आधी धरलेला नसतो. काही घरे त्याला दावणीला शेवटपर्यंत सांभाळतात, हलक्या कामाला जुंपतात. काही बैल तीन-चार हात फिरतात आणि प्रत्येक हातात थोडे आणखी लंगडतात. विकत घेतानाच्या कागदावर किंमत लिहिताना त्याच्या निवृत्तीच्या वैरणीचे पैसे बाजूला काढणारा मालक अजून विरळाच आहे.