छायाचित्र म्हणजे तराजू नव्हे

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात किलोभर कांदे घेणारा ग्राहकसुद्धा तराजूचा काटा शून्यावर आहे की नाही, याकडे एक नजर टाकतो. व्यापारी कुटुंबांना तर ही दक्षता बाळकडूतूनच मिळालेली असते. ‘मापात पाप नको’ ही शिकवण पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला दिली. शासनानेही त्यासाठी २००९ चा वैध मापन शास्त्र अधिनियम केला. दुकानातील वजने-काटे ठरावीक मुदतीत तपासून घ्यावे लागतात व त्यांवर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. मात्र याच घरांत एक मोजमाप असे होते, की ज्याच्या साधनाची पडताळणी कोणीही करीत नाही. मोबाइलवर आलेले छायाचित्र पाहून ‘मुलगी अंगाने जरा जाड दिसते’ किंवा ‘मुलगा फारच किरकोळ वाटतो’ असा जो निर्णय क्षणात दिला जातो, ते हे मोजमाप.

एका छायाचित्राची किंमत

विवाहासाठी स्थळे पाहण्याची रीत गेल्या दोन दशकांत पालटली. पूर्वी मध्यस्थ नातेवाईक घरी येत, माणसे प्रत्यक्ष पाहत, मग पत्रिका पुढे सरकत असे. आता आधी माहितीपत्रक आणि छायाचित्र येते, आणि पुष्कळ स्थळांचा प्रवास तिथेच संपतो. नकाराचे कारण बहुधा सांगितले जात नाही. ‘सध्या विचार नाही’ एवढेच उत्तर येते. पण कुजबुज कानावर येतेच. मग ती मुलगी तोच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहू लागते, घरात काही न सांगता ताटातले दोन घास कमी करते, समारंभात फोटो काढण्याची वेळ आली की मागच्या रांगेत जाऊन उभी राहते. मुलांच्या बाबतीतही हे घडते. ते बोलून दाखवीत नाहीत, इतकाच फरक.

वस्तुतः अनेकदा दोष शरीराचा नसतो. तो कॅमेरा किती अंतरावर होता, कोणत्या उंचीवर होता आणि ती व्यक्ती चौकटीत कोठे उभी होती, याचा असतो. हे समजण्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेले त्रैराशिक पुरेसे आहे.

अंतराचे गणित

कॅमेऱ्याचा मूळ नियम एकच आहे. जी वस्तू निम्म्या अंतरावर असते, ती दुप्पट मोठी उमटते. आता सोफ्यावर बसलेल्या व्यक्तीचा विचार करावा. तिचे गुडघे धडापेक्षा साधारण दीड फूट पुढे असतात. फोटो काढणारा चार फुटांवर उभा असेल, तर धड चार फुटांवर आणि गुडघे अडीच फुटांवर येतात. चार भागिले अडीच म्हणजे १.६. याचा अर्थ, धडाच्या तुलनेत गुडघे आणि त्यांलगतची मांडी ६० टक्क्यांपर्यंत मोठी उमटते. तोच फोटो बारा फुटांवरून काढला, तर बारा भागिले साडेदहा, म्हणजे फरक अवघा १४ टक्के राहतो. व्यक्ती तीच, सोफा तोच, कपडे तेच. बदलले ते केवळ आठ फूट अंतर.

सेल्फीत हाच हिशेब चेहऱ्याला लागू होतो. चेहऱ्यात सर्वांत पुढे असते ते नाक. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील शल्यचिकित्सक बोरिस पास्खोव्हर यांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे गणित मांडले आहे. बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. पाच फुटांवरून काढल्यास हा फरक जवळजवळ उरत नाही. या अभ्यासाला निमित्तही तसेच होते. सेल्फी दाखवून ‘माझे नाक लहान करून द्या’ अशी मागणी करणारे रुग्ण त्यांच्याकडे येत असत. तेथील चेहऱ्यावरील प्लास्टिक शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत ५५ टक्के डॉक्टरांनी सांगितले, की सेल्फीत चांगले दिसावे म्हणून शस्त्रक्रिया मागणारे लोक त्यांच्याकडे आले होते. हात लांब केल्याने जो प्रश्न बराचसा सुटू शकतो, त्यासाठी माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यास तयार होती.

कॅमेऱ्याच्या उंचीचाही असाच परिणाम होतो. जवळून आणि खालून काढलेल्या फोटोत पोट व हनुवटी पुढे येतात. जवळून आणि वरून काढलेल्या फोटोत डोके मोठे व शरीर निमुळते दिसते. दोन्ही फोटो ‘खरे’ असतात, आणि दोन्हींपैकी एकही माप म्हणून विश्वसनीय नसतो.

कडेला उभ्या राहणाऱ्यांचे नुकसान

लग्नघरातील सामूहिक छायाचित्र हा दुसरा प्रकार. वधू-वर मध्यभागी, वडीलधारी मंडळी आसपास, आणि मावश्या, आत्या, वहिनी दोन्ही कडांना. फोटो हाती आल्यावर कडेची मंडळी हमखास म्हणतात, ‘मी इतकी जाड आहे का?’

याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. विजेरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर गोल कवडसा पडतो. तोच तिरपा टाकला तर लांबट पडतो. कॅमेऱ्यातही कडेच्या व्यक्तीकडून येणारा प्रकाश सपाट पृष्ठभागावर तिरपा पडतो आणि गोलसर आकार आडवा ताणला जातो. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगाला आडव्या चौकटीत साधारण ७० अंशांचा विस्तार दिसतो. त्याच्या अगदी टोकाशी उभ्या असलेल्या व्यक्तीची रुंदी, उंचीच्या मानाने, सुमारे २२ टक्के वाढलेली उमटते. मध्यभागी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या वाट्याला ही वाढ येत नाही. ‘०.५’ असे लिहिलेले अतिविस्तृत भिंग वापरले, तर टोकाची रुंदी दीडपटीहूनही अधिक होऊ शकते. काही मोबाइल हा ताण आतल्या आत दुरुस्त करतात. तरीही तो पूर्णपणे जातोच असे नाही. दहा माणसे दाटीवाटीच्या दिवाणखान्यात एका चौकटीत बसवण्यासाठी हे भिंग सोयीचे खरे, पण त्या सोयीची किंमत कडेची माणसे मोजतात.

यात समोरून मारलेल्या फ्लॅशची भर पडते. चेहऱ्याची ठेवण आपल्याला कळते ती गालाखालच्या, नाकाशेजारच्या सौम्य सावल्यांमुळे. समोरचा प्रखर प्रकाश त्या सावल्या पुसून टाकतो आणि चेहरा सपाट, म्हणून अधिक रुंद भासतो.

राजा दीनदयाळ यांच्या काळात

जुन्या घरांतील आजी-आजोबांची छायाचित्रे पाहिली, की त्यांतील माणसे भारदस्त पण प्रमाणबद्ध वाटतात. यामागे त्या काळच्या तंत्राचा मोठा वाटा आहे. भारतीय छायाचित्रकलेतील अग्रगण्य नाव असलेले लाला दीनदयाळ हे १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे जैन कुटुंबात जन्मले. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, इंदुरात नोकरी करीत असताना कॅमेरा हाती घेतला, आणि पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र ‘झनाना’ स्टुडिओ सुरू केला. १८९६ मध्ये त्यांचा स्टुडिओ मुंबईतही आला.

त्या काळच्या काचेच्या मोठ्या पट्टीवर चित्र उमटवण्यासाठी लांब नाभीय अंतराचे भिंग लागत असे. पूर्णाकृती चित्र घ्यायचे, तर बसणाऱ्यापासून कॅमेरा पाच-सात हात दूर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे अंतरच माणसाच्या प्रमाणबद्धतेचे रक्षण करीत होते. अर्थात तो काळ सर्वस्वी निर्दोष होता असे नाही. काचेवर पेन्सिल चालवून सुरकुत्या पुसण्याचे कसब स्टुडिओंना अवगत होते. तथापि अंतराची शिस्त मात्र यंत्रानेच घालून दिली होती. मोबाइलने ती शिस्त मोडली, आणि त्या जागी दुसरी शिस्त कोणी शिकवली नाही.

टीव्हीवर फुगलेले लग्न

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊन घरातील नव्या मोठ्या टीव्हीवर लावली, की नवरदेवासह सारे वऱ्हाड गुटगुटीत दिसते. हा तर निव्वळ मापातील घोटाळा आहे. जुने चित्रीकरण ४:३ या प्रमाणात होत असे. आताचे पडदे १६:९ प्रमाणाचे असतात. जुने चित्र नव्या पडद्यावर कडेपर्यंत ताणले, तर उंची तेवढीच राहून रुंदी एक-तृतीयांशाने, म्हणजे ३३ टक्के वाढते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे प्रमाण ४:३ केले, की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि माणसे पूर्ववत होतात.

चित्रपटसृष्टीलाही हा अनुभव आला होता. १९५३ मध्ये हॉलिवूडने सिनेमास्कोप आणला. त्यात भिंग चित्र आडवे दाबून फितीवर घेई आणि पडद्यावर पुन्हा पसरवी. जवळून घेतलेल्या दृश्यांत हा हिशेब नीट जुळत नसे आणि नटनट्यांचे चेहरे रुंद दिसत. तेथील छायाचित्रकारांनी या दोषाचे नावच ‘गालगुंड’ ठेवले होते. पुढे सुधारित भिंगे आल्यावर तो गेला. भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा १९५९ चा ‘कागज के फूल’. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे होते. ज्यांच्या रूपावर चित्रपटाचा व्यवसाय चालतो, त्यांनाही भिंगाने सोडले नाही, मग घरच्या समारंभाची काय कथा?

उलट बाजूचाही विचार

छायाचित्र जसे जाड दाखवते, तसे बारीकही दाखवते. आजकाल अनेक मोबाइलमध्ये चेहरा निमुळता आणि कांती नितळ करणारी सोय असते. काहींत ती विकत घेतल्या दिवसापासून चालूच असते. असे सुशोभित छायाचित्र पाठवले, की प्रत्यक्ष भेटीत समोरच्याचा अपेक्षाभंग होतो, आणि त्याचे ओझे पुन्हा त्या मुला-मुलीवरच पडते. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलचे शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केले असल्यास तसे छापणे बंधनकारक आहे. नॉर्वेने २०२१ मध्ये असाच कायदा केला व तो २०२२ पासून लागू झाला. मालाच्या वेष्टनावर वजन खरे लिहावे, इतकेच हे साधे तत्त्व आहे.

आरोग्याच्या दृष्टीनेही छायाचित्रावर विसंबणे घातक ठरते. फोटोत बारीक दिसणाऱ्या गृहस्थाच्या पोटाचा घेर वाढलेला असू शकतो, आणि फोटोत स्थूल दिसणारी मुलगी पूर्ण निरोगी असू शकते. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादेत असावा, असे तज्ज्ञ सांगतात. तो मोजायला कापड दुकानातील टेप पुरते. शंका असेल तर टेप, वजनकाटा आणि घरचे डॉक्टर यांचा आधार घ्यावा. मोबाइलच्या पडद्याचा नव्हे.

काय करता येईल

माहितीपत्रकासाठी छायाचित्र काढताना काही पथ्ये पाळावीत. पूर्णाकृती फोटोसाठी काढणाऱ्याने किमान दहा-बारा फूट दूर उभे राहावे आणि ‘२’ हा झूम वापरावा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ धरावा. व्यक्ती चौकटीच्या मध्यभागी असावी. फ्लॅशऐवजी सकाळचा किंवा खिडकीतून बाजूने येणारा उजेड घ्यावा. चेहरा बदलणारी सोय बंद करावी. सक्करदरा तलावाकाठी सकाळी काढलेला असा साधा फोटो महागड्या सजावटीपेक्षा अधिक खरा उतरेल. सामूहिक छायाचित्रात सर्वांना एका ओळीत लांब पसरवण्याऐवजी दोन रांगा कराव्यात, छायाचित्रकाराने मागे सरकावे आणि दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडावी.

परिचय मेळाव्याच्या आयोजकांनाही एक पाऊल उचलता येईल. परिचय पुस्तिकेच्या अर्जावर वय, शिक्षण, व्यवसाय यांच्यासोबत एक ओळ वाढवावी: छायाचित्र गेल्या सहा महिन्यांतील, दहा फुटांवरून काढलेले आणि कोणताही बदल न केलेले असावे. सर्वांना एकच माप लागू झाले, की तुलना निदान न्याय्य होईल.

याहून महत्त्वाची जबाबदारी मात्र फोटो पाहणाऱ्याची आहे. स्थळ आले, तर शिक्षण पाहावे, घर पाहावे, स्वभावाची चौकशी करावी आणि मुला-मुलीला अर्धा तास समोरासमोर बोलू द्यावे. अंगलटीविषयीचा शेरा फोटोवरून मारू नये, मुलांच्या कानावर तर मुळीच जाऊ देऊ नये. तो ज्याने मारला तो दुसऱ्या दिवशी विसरतो. ज्याच्याविषयी मारला, त्याच्या मनात तो कित्येक वर्षे घर करून राहतो.