ज्यू वृद्धनिवासांतील सण आणि सामुदायिक जीवन

ज्यू वृद्धनिवास म्हणजे प्रामुख्याने ज्यू ज्येष्ठ नागरिकांसाठी, बहुधा ज्यू समाजाच्या धर्मादाय संस्थांनी चालविलेली निवासस्थाने होत. अमेरिका, कॅनडा, इस्रायल आणि युरोपातील अनेक शहरांत अशी निवासस्थाने असून त्यांपैकी कित्येकांत अन्य धर्मीयांनाही प्रवेश मिळतो. निवास, भोजन आणि शुश्रूषा यांची व्यवस्था इतर वृद्धाश्रमांसारखीच असते. मात्र येथील आठवडा शब्बाथभोवती आणि वर्ष हिब्रू पंचांगाभोवती गुंफलेले असते. धर्मविधींचे नियम आणि वृद्ध शरीराच्या मर्यादा यांची सांगड घालणे हे येथील सण-समारंभांचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

वृद्धांसमोर उठून उभे राहावे, अशी आज्ञा तोराहमधील लेवीय या ग्रंथात (१९:३२) आहे. मध्ययुगीन युरोपातील ज्यू वस्त्यांत गरीब, आजारी आणि वाटसरू यांच्यासाठी ‘हेकदेश’ नावाचे धर्मादाय आश्रयस्थान असे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि २०व्या शतकाच्या प्रारंभी पूर्व युरोपातून लाखो ज्यू उत्तर अमेरिकेत आले. तेथील सार्वजनिक निराधारगृहांत धर्मनियमांनुसार केलेले, म्हणजे कोशर, अन्न मिळणे कठीण होते आणि वृद्धांची यिडिश भाषाही तेथे समजत नसे. या गरजेतून समाजाने स्वतःची वृद्धगृहे उभारली. न्यू यॉर्कच्या रिव्हरडेल भागातील हिब्रू होम (स्थापना १९१७) आणि टोरोंटो येथील बेक्रेस्ट (स्थापना १९१८) ही त्यांपैकी प्रसिद्ध उदाहरणे होत.

युरोपातील अशा संस्थांचा इतिहास शोकपूर्ण आहे. ॲमस्टरडॅम येथील ‘दे योडसे इनव्हालिदे’ या वृद्ध व अपंगांच्या निवासातील रहिवाशांना नाझींनी १ मार्च १९४३ रोजी पकडून नेले.

शब्बाथ

शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मेणबत्त्या लावून शब्बाथचे स्वागत केले जाते. प्राणवायूची नळकांडी आणि आगीचा धोका लक्षात घेऊन अनेक निवासांत खोल्यांमध्ये विजेवरील दिवे वापरतात. किद्दुश विधीसाठी द्राक्षासवाऐवजी द्राक्षरस चालतो, त्यामुळे औषधे घेणाऱ्यांनाही त्यात भाग घेता येतो. परंपरानिष्ठ ज्यू शब्बाथच्या दिवशी विजेची बटणे दाबत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणारी ‘शब्बाथ लिफ्ट’ काही इमारतींत असते. जिवाला धोका असल्यास मात्र जीवरक्षणाचा नियम (पिक्वाह नेफेश) शब्बाथच्या बहुतेक सर्व निर्बंधांहून श्रेष्ठ ठरतो.

वार्षिक सण

रोश हशानाला (नववर्ष) शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकले जाते. जे प्रार्थनागृहापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्या खोलीत जाऊन ते ऐकविण्याची पद्धत आहे. योम किप्पूरचा उपवास सुमारे २५ तासांचा असतो. उपवासाने प्रकृतीला धोका पोहोचत असल्यास अन्न व औषध घेणे हे धर्मकर्तव्यच मानले जाते. तरीही आयुष्यभर उपवास केलेल्या व्यक्तीला हे पटविणे सोपे नसते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याला रब्बीच्या शब्दाची जोड द्यावी लागते. याच दिवसाच्या प्रार्थनेत म्हातारपणी आम्हांला दूर लोटू नकोस, अशा आशयाची विनवणी सामुदायिकरीत्या केली जाते.

सुक्कोथसाठी अंगणात उभारलेल्या मांडवात चाकांची खुर्ची सहज जाईल, अशी रचना करतात. हानुक्काचे आठ दिवस दीप उजळले जातात, तर पुरीमला एस्तेरच्या ग्रंथाचे वाचन, वेशांतर आणि खाऊच्या भेटी यांमुळे वातावरण आनंदी असते.

पेसाहपूर्वी स्वयंपाकघर खमीरयुक्त पदार्थांपासून पूर्णपणे मुक्त केले जाते. सेदर हा भोजनविधी घरोघरी रात्री उशिरापर्यंत चालतो. वृद्धनिवासांत तो संक्षिप्त करतात किंवा दुपारी प्रात्यक्षिक सेदर घेतात. सर्वांत लहान व्यक्तीने चार प्रश्न विचारण्याचा प्रघात असल्याने नातवंडांना किंवा जवळच्या शाळेतील मुलांना बोलावले जाते.

सामुदायिक सहभाग

सार्वजनिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढांचा ‘मिन्यान’ लागतो. ऑर्थोडॉक्स पंथात केवळ पुरुषांची गणना होते. रिफॉर्म आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळ्यांत स्त्रियाही धरल्या जातात. मृतांसाठी म्हणावयाची कद्दिश प्रार्थना मिन्यानशिवाय होत नाही. त्यामुळे दहावी व्यक्ती म्हणून येऊन बसणारा दुर्बल रहिवासीही शोकग्रस्त शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो. तो केवळ सेवा घेणारा राहत नाही.

अमेरिकेतील पहिला बात मित्झ्वा समारंभ १९२२ मध्ये न्यू यॉर्क येथे झाला आणि ही प्रथा रूढ होण्यास पुढे अनेक दशके लागली. बालपणी ही संधी न मिळालेल्या स्त्रिया उतारवयात निवासातच हा समारंभ करतात. पुरुषांमध्ये ८३व्या वर्षी दुसरा बार मित्झ्वा करण्याची प्रथा आहे. ७० वर्षे हे पूर्ण आयुष्य मानून पुढील १३ वर्षे नव्याने मोजली जातात.

स्मृती आणि भाषा

होलोकॉस्टमधून वाचलेल्या रहिवाशांना शॉवर, रांग, गणवेश किंवा कुत्र्याचे भुंकणे यांमुळे छावणीतील प्रसंग पुन्हा जाणवू शकतात. म्हणून कर्मचाऱ्यांना विशेष प्रशिक्षण दिले जाते. बेक्रेस्टने २००३ मध्ये या विषयावर मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले.

स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी विसरली जाते आणि बालपणीची टिकून राहते. त्यामुळे नावे विसरलेली व्यक्तीही ओळखीचा आशीर्वाद किंवा यिडिश गीत सहज म्हणू शकते. १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेलेल्या महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची आहे. या समाजात योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’ आणि पुरीमला ‘होळीचा सण’ अशी जुनी मराठी नावे होती. सेदरमध्ये वाचल्या जाणाऱ्या हागादाच्या मराठी भाषांतरासह आवृत्त्या मुंबई (१८४६) आणि पुणे (१८७४) येथे छापल्या गेल्या. मराठीत सण साजरे केलेल्या वृद्धाला केवळ हिब्रू नावे परकी वाटू शकतात.

२०२० चा पेसाह

कोविड-१९ च्या साथीमुळे एप्रिल २०२० मध्ये अनेक देशांतील वृद्धनिवासांत बाहेरच्यांना प्रवेश बंद होता आणि बऱ्याच ठिकाणी रहिवाशांना आपापल्या खोलीत एकट्याने सेदर करावा लागला. एकाकी वृद्धांसाठी, सणापूर्वीच सुरू केलेल्या व्हिडिओ संपर्काद्वारे कुटुंबासह सेदर करण्यास इस्रायलमधील काही सेफार्दी रब्बींनी परवानगी दिली. मुख्य रब्बी मंडळाने ती अमान्य केली. एकाकीपणा हा आरोग्याचा धोका मानून सणाच्या निर्बंधांत सूट द्यावी का, हा या वादातील मूळ प्रश्न होता.