उद्याच्या गावाची वेस : विज्ञानकादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी

दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला काय दिले, याची चर्चा आता जुनी झाली. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. ज्या जगण्याला शब्द नव्हता त्याला शब्द मिळाला. कविता, कथा, आत्मकथन, नाटक, समीक्षा अशा सर्व प्रांतांत आपण पाय रोवले. एक प्रांत मात्र जवळजवळ मोकळाच राहिला. तो म्हणजे भविष्यकाळ. काल काय झाले हे आपण लिहिले, आज काय होते आहे तेही लिहिले. उद्याचे गाव कसे असेल, त्याची वेस कुठे असेल आणि त्या वेशीबाहेर कोण राहत असेल, हे लिहिण्याचे काम आपण इतरांवर सोडले.

कारंजा लाड येथे मी शिकवतो. लिहू पाहणारी मुलेमुली भेटायला येतात. त्यांतले कुणी दबक्या आवाजात विचारते, "सर, विज्ञानकादंबरी लिहिली तर चालेल का?" या 'चालेल का'मध्ये दोन भित्या दडलेल्या आहेत. आपले लोक म्हणतील, हा विद्रोह सोडून आकाशात पळाला. प्रस्थापित म्हणतील, तुमच्याकडून आम्हाला तुमची कहाणी हवी. ताऱ्यांच्या गोष्टी आमच्या आम्ही लिहू. दोन्हीकडून वेस एकच!

पहिल्या भीतीला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. 'बळीचे राज्य येवो' असे आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या. हे वाक्य भविष्यकाळाचे आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त विष्णूचे अवतार उलट बाजूने वाचले आणि बळीला त्याचे राज्य परत दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ बुडाली, त्याआधी ती ओंजळ कुणाच्या तरी मनात बुडालेली होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी नद्यांची खोरी, धरणे आणि वीज यांचा विचार केला, तो पुढच्या पिढ्यांच्या हिंदुस्थानचा विचार होता. जे अजून नाही ते स्पष्ट पाहणे ही परिवर्तनाची पहिली अट आहे. मग कादंबरीकाराने ते पाहिले तर तो पळपुटा कसा?

दुसऱ्या भीतीला उत्तर मराठी विज्ञानकथेच्याच इतिहासात आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या कीर्तीकडे पाहून कुणी निर्णय देऊ नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून दुसरे आडनाव घेतले. पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. विज्ञानकथेला साहित्याच्या मुख्य दारातून प्रवेश मिळाल्याची ती खूण होती. एका लेखकाला कीर्ती लपवण्यासाठी आडनाव बदलावे लागले. आपल्याकडे आडनाव लपवण्याची कारणे वेगळी आहेत, आणि बागुलांच्या संग्रहाचे नावच ती सांगते. पण त्या प्रसंगातून घ्यायचे ते असे की, कागदावरची गोष्ट भक्कम असेल तर ती लेखकाच्या नावावाचून उभी राहते.

आता लिहायचे कसे? यासाठी जगातल्या तीन लेखकांकडून तीन रीती उचलता येतात. तिघेही ज्यांच्यावर अन्याय झाला त्या समूहांतले आहेत, हे लक्षात ठेवावे.

पहिली रीत उलट करण्याची. रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम लेखिकेने १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. तिच्या राज्यात पुरुष पडद्यात आहेत आणि स्त्रिया कारभार चालवतात. त्यांची विद्यापीठे ढगांतून पाणी आणि सूर्यातून उष्णता गोळा करतात, आणि त्याच उष्णतेच्या जोरावर शत्रूचे सैन्य पळवून लावतात. सत्तेची एकच बाजू उलटवली आणि रोजची रूढी एकदम हास्यास्पद दिसू लागली.

दुसरी रीत काढून घेण्याची. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांची 'द कॉमेट' ही कथा १९२० साली प्रसिद्ध झाली. हे तेच द्यु बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. कथेत एका बँकेचा काळा निरोप्या तळघरात पाठवला जातो, कारण महत्त्वाच्या माणसांनी तिथे उतरणे धोक्याचे. वर धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडते. तो आणि एक श्रीमंत गोरी तरुणी एवढेच उरतात. समाजच उरला नाही, तेव्हा वर्णभेदही गळून पडतो. मग शहराबाहेरची माणसे येतात, जग शिल्लक असल्याचे कळते आणि भिंत पुन्हा उभी राहते. भेद निसर्गात नाही, माणसांच्या जमावात आहे, हे लेखकाने एका धूमकेतूने सिद्ध केले.

तिसरी रीत काळाची सांधेजोड करण्याची. ऑक्टेव्हिया बटलर हिची आई लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करी. तिच्या 'किंड्रेड' (१९७९) या कादंबरीत १९७६ सालातली काळी तरुणी वारंवार गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. तिथे तिला एका गोऱ्या मालकाच्या मुलाला जगवावे लागते, कारण तो तिचाच पूर्वज आहे. तो मेला तर तिचा जन्मच नाही. हा कालप्रवास कसा घडतो, याचे स्पष्टीकरण बटलर देत नाही. तरीही वाचकाचा विश्वास उडत नाही, कारण त्या प्रवासाचे नियम ती कधी मोडत नाही.

या रीती आपल्या मातीत लावून पाहू. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. पश्चिम वऱ्हाडात लोणारचे विवर आहे. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. पुराण सांगते की विष्णूने तिथे लोणासुर मारला. २०२० च्या जून महिन्यात त्या सरोवराचे पाणी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले. आकाशातून आलेला दगड, मारलेला असुर आणि रंग बदलणारे पाणी! असुराच्या बाजूने ही गोष्ट कुणी लिहिली आहे का? नारळीकरांच्या 'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीच्या नावातच वामन आहे. नाव आपल्याबरोबर अख्खी पुराणकथा घेऊन येते. 'गुलामगिरी' वाचलेला लेखक आपल्या यंत्राला काय नाव देईल, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

कारंज्याच्या आसपासच पाहा. यवतमाळ ते मूर्तिजापूर जाणारी शकुंतला रेल्वे इथून धावत असे. कापूस इंग्रजांच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी तिचे अरुंद रूळ टाकले गेले. आज ती बंद आहे. तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे ज्याच्या शेताजवळून भविष्यकाळ ताशी शंभराच्या वेगाने जातो, तो आपली मोटारसायकल घेऊन कुंपणाबाहेर उभा आहे. ही विज्ञानकादंबरीची सुरुवात नव्हे काय?

एक उदाहरण तपशिलाने मांडतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. २०१८ साली केरळात गटार साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव कामाला लागला. इथपर्यंत सारे खरे आहे. आता कल्पनेने एक पाऊल टाका. वऱ्हाडातल्या एका लहान नगरपालिकेने असे यंत्र आणले आहे. ते बोलते, शिकते, आणि गटारापुरते मर्यादित नाही. ते धुऊन, निर्जंतुक करून कुठल्याही कामाला लावता येते. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टाकी साफ करायची वेळ येते. मुख्याधिकारी म्हणतात, यंत्र आहेच, उतरवा. गावात खळबळ उडते. यंत्र शंभर टक्के स्वच्छ असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला आहे, तरी गाव ऐकत नाही. यंत्र विचारते, माझ्या अंगावर आता काय उरले आहे? या प्रश्नाला उत्तर देता देता गावाला कबूल करावे लागते की, घाणीचा आणि अस्पृश्यतेचा संबंध कधी नव्हताच. आणि ज्याची नोकरी या यंत्राने खाल्ली, तो सफाई कामगार कोणाच्या बाजूने उभा राहील? यंत्राचा तो शत्रू आहे की सोयरा? या पेचातून कादंबरी उभी राहते.

या उदाहरणातून काही व्यवहाराच्या सूचना निघतात.

एक, कादंबरीत नवी गोष्ट एकच असावी. यंत्र हवे तर यंत्र, परग्रहवासी हवा तर परग्रहवासी. बाकीचे जग वाचकाच्या ओळखीचे ठेवा.

दोन, लिहिण्याआधी वहीत परिणामांची साखळी मांडा. प्रत्येक शोधाला तीन प्रश्न विचारा : याची मालकी कुणाची? राबणारे हात कुणाचे? हे बिघडले तर खाली कोण उतरणार? प्रस्थापित विज्ञानकथेच्या चकचकीत शहरांत कचरा कोण उचलतो हे बहुधा लिहिलेले नसते. आपली दृष्टी तिथेच पोचते, आणि हेच आपले भांडवल आहे.

तीन, विज्ञानाला भिऊ नका. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पुस्तकांचे कपाट वारशाने मिळाले नाही. तरी अकरावी-बारावीची विज्ञानाची क्रमिक पुस्तके कुणालाही मिळतात, आणि शेजारच्या विभागातला जीवशास्त्राचा प्राध्यापक विचारल्यावर आनंदाने समजावून सांगतो. संशोधनातच कादंबऱ्या पडलेल्या आहेत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सजातीय विवाह हे जातिसंस्थेचे मर्म असल्याचे मांडले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि नंतर ते मिसळणे थांबत गेले. रक्तात लिहिलेला हा इतिहास उद्या प्रत्येकाला घरबसल्या वाचता आला, तर विवाहमंडळांचे काय होईल? घ्या, आणखी एक कादंबरी.

चार, भाषा आपली ठेवा. शेतातली बाईसुद्धा आज टॉवर, रेंज, चार्जिंग हे शब्द सहज वापरते. तुमची शास्त्रज्ञ वऱ्हाडी बोलली तर तिचे विज्ञान कमी होत नाही.

पाच, भाषण टाळा. भूमिका लेखात मांडावी, कादंबरीत ती घटनेतून घडावी. आणि आपली पात्रे केवळ पीडित किंवा केवळ वीर करू नका. त्यांच्यात अभियंते असू द्या, भित्रे असू द्या, लबाडही असू द्या. माणूस म्हणून पूर्ण असण्याचा हक्क पात्रालाही आहे.

सहा, कामाचा हिशेब ठेवा. रोज तीनशे शब्द म्हणजे वहीचे दीड-दोन पान. दोनशे दिवसांत साठ हजार शब्द होतात, आणि तेवढ्यात कादंबरी पुरी होते. बटलर नोकरीला जाण्याआधी पहाटे दोनला उठून लिहीत असे. दोनला उठणे जमेलच असे नाही. पण नोकरी, शिकवण्या, घरची कामे सांभाळून लिहिणारे आपण पहिले नाही, एवढे त्यावरून कळते. आधी दहा पानांची कथा लिहा, दोघांना मोठ्याने वाचून दाखवा, ते कुठे कंटाळले ते पाहा, मग कादंबरीला हात घाला.

मित्रांनो, यंत्रे आता आपल्या नोंदी वाचून निर्णय घ्यायला शिकत आहेत. कर्ज कुणाला द्यावे, नोकरीसाठी कुणाला बोलवावे, हे त्यांना जुन्या कागदांवरून शिकवले जाते, आणि जुन्या कागदांत आडनावे आहेत. १८५५ साली मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा तिच्याआधी तसे लिहिणारे कुणी नव्हते. ती परवानगीसाठी थांबली नाही. उद्याचे गाव आखण्याचे काम सुरू झाले आहे, नकाशावर रेषा पडत आहेत. वेस कुठे पडणार हे ठरण्याआधी आपली कादंबरी तिथे पोचली पाहिजे. वही काढा आणि पहिले पान आज लिहा.