हिरड्यांतील रक्तस्राव

हिरड्यांतील रक्तस्राव : दात घासताना, कठीण पदार्थ चावताना किंवा क्वचित आपोआपही हिरड्यांतून रक्त येणे. हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. बहुतेक वेळा ते हिरडीशोथाचे (हिरडीला आलेल्या दाहयुक्त सुजेचे) पहिले दृश्य लक्षण असते. ब्रश लागल्यामुळे रक्त आले, असा सर्वसाधारण समज असून त्यामुळे पुष्कळ लोक तेवढी जागा घासण्याचे टाळतात. वस्तुतः निरोगी हिरडीतून बेताच्या दाबाने घासले असता रक्त येत नाही. घासणे बंद केल्याने मात्र रक्तस्रावाचे मूळ कारण बळावते.

निरोगी हिरडी फिकट गुलाबी, घट्ट व पातळ कडेची असते. सावळ्या वर्णाच्या लोकांत ती रंगद्रव्यामुळे तपकिरी वा काळसर दिसते व हे विकृतीचे चिन्ह नव्हे. हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये सुमारे १ ते ३ मिमी. खोलीची एक खाच असते. तिच्या तोंडाशी सूक्ष्मजंतूंचा चिकट, जवळजवळ रंगहीन थर सतत साठत असतो. तो चूळ भरून निघत नाही, त्यासाठी घासावेच लागते. हा थर राहिल्यास जंतूंपासून निघणाऱ्या पदार्थांमुळे हिरडीत शोथ उत्पन्न होतो, तेथील केशवाहिन्या विस्फारतात आणि खाचेच्या आतील नाजूक अस्तर पातळ होऊन त्याला सूक्ष्म व्रण पडतात. अशा ठिकाणी ब्रशाचा हलका स्पर्शही रक्त येण्यास पुरेसा होतो. या अवस्थेत वेदना सहसा नसतात व म्हणूनच तिची उपेक्षा होते.

हा कार्यकारणसंबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने स्पष्ट झाला. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात स्वच्छ करण्याचे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांना हिरडीशोथ झाला. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

साठलेल्या थरात लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट यांची लवणे बसून त्याचे दगडासारखे कठीण कीट बनते. लालाग्रंथींच्या नलिका जेथे उघडतात तेथे, म्हणजे खालच्या पुढील दातांच्या आतील बाजूस व वरच्या दाढांच्या बाहेरील बाजूस, ते अधिक आढळते. कीट ब्रशाने निघत नाही; दंतवैद्याकडून उपकरणाने काढून घ्यावे लागते. त्यामुळे दात सैल होतात ही समजूत चुकीची आहे. हाडाची झीज आधीच झालेली असते आणि कीट निघाल्यावर उघड्या पडलेल्या फटी प्रथमच जाणवतात एवढेच.

शोथ खोलवर पसरून दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड नष्ट होऊ लागले म्हणजे त्यास परिदंतशोथ (पायोरिया) म्हणतात. हिरडी दातापासून सुटते, पू येतो, तोंडास दुर्गंधी येते व अखेर दात हलू लागतात. झालेली हानी बहुतांशी भरून येत नाही. हिरडीशोथ मात्र पूर्ण बरा होतो आणि या दोहोंमधील हा फरक महत्त्वाचा आहे. प्रत्येक हिरडीशोथाचे पर्यवसान परिदंतशोथात होतेच असे नाही. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या, दंतस्वच्छतेची सवय नसलेल्या ४८० पुरुषांची लोए यांनी १९७० पासून १५ वर्षे पाहणी केली. हिरडीशोथ जवळजवळ सर्वांना होता. परंतु सुमारे ८ टक्क्यांत हाडाची झीज झपाट्याने व ८१ टक्क्यांत मध्यम गतीने झाली, तर ११ टक्क्यांत रोग हिरडीपलीकडे गेलाच नाही. कोणाचा रोग कोठवर जाईल हे आधी ओळखणे अवघड असते. मधुमेहात हा विकार तीव्र होतो. धूम्रपान करणाऱ्यांत हाडाची झीज अधिक होते, पण रक्तस्राव कमी दिसतो. त्यांनी रक्त येत नाही एवढ्यावर विसंबून राहू नये.

गर्भारपणी हॉर्मोनांच्या वाढीमुळे हिरड्या थरास अधिक तीव्र प्रतिसाद देतात. फेनिटॉइन, निफेडिपीन यांसारख्या औषधांनी हिरड्या वाढतात, तर ॲस्पिरिन व रक्त साखळू न देणारी औषधे यांमुळे रक्तस्राव लांबतो. क जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही रोगात कोलॅजेन तंतू नीट तयार होत नाहीत व हिरड्या सुजून रक्ताळतात. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये खलाशांना संत्री व लिंबे देऊन हा रोग बरा करून दाखविला. आहारात पेरू, आवळा, लिंबू असताना केवळ या कारणाने रक्त येण्याचा संभव अल्प असतो. गोळ्या घेऊन कीट जात नाही. सुश्रुतसंहितेत शीताद या नावाने हिरड्यांतून अकस्मात रक्त येणे, त्या काळवंडणे, मऊ पडणे व दुर्गंधी येणे यांचे वर्णन असून सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या आहेत.

उपचारात कीट काढणे व रोजची स्वच्छता या दोन गोष्टींना प्राधान्य आहे. ब्रश मऊ केसांचा असावा. तो हिरडीच्या कडेशी सुमारे ४५° कोनात टेकवून थोडथोडा हलवावा. आडवे, जोराने घासल्यास हिरडी मागे सरते व दात झिजतात. दोन दातांमधील जागा दोऱ्याने किंवा बारीक ब्रशाने साफ करावी. आरंभी काही दिवस रक्त येत राहते, म्हणून घासणे सोडू नये. क्लोरहेक्सिडीनयुक्त द्रवाच्या गुळण्या अल्पकाळ उपयुक्त असतात. दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात. राखुंडी व कोळशाची पूड खरखरीत असल्याने टाळावी. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया हिरड्या बळकट होतात या समजुतीने मशेरी लावतात. मशेरी ही भाजलेल्या तंबाखूची पूड होय; तिचे व्यसन जडते व मुखकर्करोगाचा धोका संभवतो.

नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त न थांबल्यास दंतवैद्यास दाखवावे. आपोआप व न थांबणारा रक्तस्राव, त्वचेवर निळसर डाग, ताप किंवा फिकटपणा यांसह हे लक्षण दिसल्यास श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग), डेंग्यू वा बिंबाणूंची न्यूनता यांची शंका घेऊन विनाविलंब रक्त तपासणे आवश्यक असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद करू नयेत. त्यांचे प्रमाण चिकित्सकच ठरवितो.