किल्ली कोणाच्या पदराला?

भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पुढे एकाच वाड्यात राहायची वेळ आली, तर विश्वास परत कसा बसतो? नुसतं "झालं गेलं विसरा" म्हणून बसत नाही, हे तुम्हाआम्हाला पक्कं ठाऊक आहे. विहिरीवर पाणी कोणी केव्हा भरायचं, कोठीची किल्ली कोणाच्या पदराला राहायची, हे आधी ठरावं लागतं.

देशांचंही तसंच असतं, मैत्रिणींनो. शेजारच्या नेपाळात 1996 पासून दहा वर्षे यादवी चालली. हजारो माणसे गेली. नोव्हेंबर 2006 मध्ये पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या. पण बंदुकांचं काय? कालच्या वैऱ्यासमोर हत्यार कोण टाकेल? तेव्हा तोड अशी निघाली, की माओवाद्यांची शस्त्रे छावणीतल्या लोखंडी कंटेनरमध्ये कुलूपबंद करायची, किल्ली त्यांच्याचकडे ठेवायची आणि लक्ष संयुक्त राष्ट्रसंघाच्या माणसांनी ठेवायचं. सरकारी सैन्यानेही तेवढीच शस्त्रे कुलपात घातली. म्हणजे कमीपणा कोणालाच नाही! (हे सुचणाऱ्याच्या घरी नक्की मोठं एकत्र कुटुंब असणार.) 2008 च्या निवडणुकीनंतर तेच प्रचंड पंतप्रधान झाले.

आपल्या नागपुरात सुदैवाने बंदुका नव्हत्या, पण अविश्वास होताच. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांना वेगळा विदर्भ हवा होता. मुंबई-पुण्याकडची मंडळी आपल्याला विचारतील का, ही धास्ती घरोघरी होती. म्हणून 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्या सह्या, तशाच इकडच्या रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर यांच्याही. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणात वाटा, हायकोर्टाचं खंडपीठ आणि दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, असं सगळं त्यात लिहिलं होतं. 1956 मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं, तेव्हा हातात हा कागदच उरला.

त्यातलं अधिवेशन टिकलं, खंडपीठ टिकलं. का? कारण ते डोळ्यांना दिसतं. चुकलं तर शेंबडं पोरही सांगेल. पैशाचं कलम मात्र कोणाला दिसत नाही. दांडेकर समितीने 1984 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा कुठे राज्यातला 3,186 कोटींचा अनुशेष कागदावर आला. पुढे 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, तेव्हा आमच्या गल्लीत कोणाला पत्ताही नव्हता.

पण त्याच वर्षी आणि 2021 मध्येही हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं. एरवी सिव्हिल लाइन्समधले रस्ते डिसेंबरात रातोरात गुळगुळीत होतात म्हणून हसणाऱ्या बायका तेव्हा भाजी निवडता निवडता विचारत होत्या, "का हो, करारात होतं ना?"