आधी मास्तर शिकू देत!

मे २०२३. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम-कॉमर्स विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीला दाखवून विचारलं, ‘हे तू लिहिलंस का?’ त्याने बेधडक ‘हो’ म्हटलं आणि पोरांचे निकाल अडकले! चॅटजीपीटीला असं काही ओळखताच येत नाही. कुणाचाही मजकूर पुढे ठेवा, तो आपलाच असल्याचं ते सांगू शकतं. प्राध्यापकांसाठी एआयचं प्रशिक्षण कशाला हवं, याचं उत्तर या एका किश्शात आहे.

बरं, चोरी पकडणारी खास यंत्रं? ओपनएआयने स्वतःच असं एक यंत्र काढलं होतं. एआयने लिहिलेल्या शंभर मजकुरांतले जेमतेम २६ त्याला सापडत. सहा महिन्यांत, जुलै २०२३मध्ये, ते गुंडाळावं लागलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात यंत्रांपुढे परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध ठेवले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर ‘एआय’चा शिक्का बसला. सगळे माणसांनी लिहिलेले! मोजके शब्द, साधी वाक्यं, एवढाच त्यांचा गुन्हा. मराठी माध्यमातून आलेली आपली मुलंही असंच इंग्रजी लिहितात, म्हणून हा आकडा प्रत्येक स्टाफरूमच्या भिंतीवर लागायला हवा.

आता एक झकास गोष्ट. २०१६, जॉर्जिया टेक. प्रा. अशोक गोयल यांच्या ऑनलाइन वर्गात सुमारे तीनशे विद्यार्थी आणि सत्राला दहा हजारांच्या घरात शंका. मदतनिसांपैकी जिल वॉटसन उत्तरं द्यायला भलतीच तत्पर. ही जिल म्हणजे एक प्रोग्राम आहे, हे मुलांना सत्र संपताना कळलं! पण खरी मेहनत पडद्यामागची. सुरुवातीला जिल सपशेल चुकायची, म्हणून तिची उत्तरं आधी माणसं तपासत. आणि ९७ टक्के खात्री असेल तरच तिने बोलायचं, असा दंडक होता. मला यात हुशारी दिसते ती मास्तरांची.

हार्वर्डच्या सीएस५० या संगणकशास्त्राच्या प्रसिद्ध कोर्सात तर एआयचं बदक आहे! प्रोग्रामर मंडळी टेबलावरच्या रबरी बदकाला आपली अडचण समजावून सांगतात. सांगता सांगता चूक स्वतःलाच सापडते. तीच युक्ती इथे. बदक आयतं उत्तर देत नाही, वाट दाखवतं. हा फरक मोठा आहे. तुर्कस्तानातल्या हजारभर शाळकरी मुलांना गणिताच्या सरावासाठी साधं चॅटजीपीटी दिलं, तेव्हा सरावात गुण ४८ टक्क्यांनी वाढले. ते काढून परीक्षा घेतली, तर ही मुलं इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे! शिक्षकांनी ठरवलेल्या सूचनांनुसार फक्त इशारे देणाऱ्या एआयने हे नुकसान जवळजवळ टाळलं.

युनेस्कोने २०२४मध्ये शिक्षकांसाठी एआयच्या १५ क्षमता ठरवून दिल्या. आपल्याकडे २०२३च्या शिक्षकदिनी प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी मालवीय मिशन सुरू झालं: १११ केंद्रं, १५ लाख प्राध्यापकांचं लक्ष्य. म्हणजे चौकट तयार आहे, तिच्यात एआय भरायचा आहे.

तेव्हा सर, मॅडम, पुढच्या रिफ्रेशरला जाताना आपलीच गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका सोबत न्या. ती एआयकडून सोडवून घ्या आणि लाल पेनाने तपासा. ज्या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण पडतील, तो यंदा बदला.