आजी-आजोबांचा मुका सोबती

मुले कामावर आणि नातवंडे शाळेत गेली की वस्तीतल्या अनेक ज्येष्ठांचा दिवस टीव्हीसमोर किंवा दाराशी बसून जातो. ज्येष्ठांसोबत काम करताना गुडघेदुखीच्या आधी आम्हाला एकच तक्रार ऐकू येते : "बोलायला कोणी नाही." हा एकटेपणा आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांवर स्वतंत्र आयोग नेमला.

अशा घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर काय बदलते? कुत्र्याला फिरवायचे म्हणून आजोबा रोज बाहेर पडतात, चालणे होते, रस्त्यात चार ओळखी होतात. खाऊ घालायची वेळ ठरलेली असते, त्यामुळे दिवसाला शिस्त येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये म्हटले की पाळीव प्राणी, विशेषतः कुत्रा, असण्याचा संबंध हृदयविकाराचा धोका कमी असण्याशी असू शकतो. पण केवळ त्यासाठी प्राणी आणू नये, असेही सांगितले. आमच्या मते सर्वांत मोठा फायदा वेगळाच आहे. निवृत्तीनंतर माणसाची घरातली भूमिका संपत जाते. प्राणी त्याला पुन्हा कोणाचा तरी आधार बनवतो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितला आहे. करुणा म्हणजे माणसांवरील प्रेम, तर मैत्री म्हणजे सर्व प्राणिमात्रांवरील प्रेम. आजीच्या पायाशी बसलेले मांजर हा त्याच मैत्रीचा रोजचा सराव आहे.

पण गावाकडे शेळ्या-कोंबड्यांत वाढलेली आजी पुनर्वसनाच्या उंच इमारतीत आली की सोसायटी म्हणते, "प्राणी चालणार नाहीत." भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी सरसकट बंदी घालता येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असावी, असे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. ती जागा जिन्याजवळ, प्रवेशद्वाराशी किंवा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणी नसावी.

धोकेही आहेत. अवखळ पिल्लाने दोरी ओढली तर म्हातारा माणूस पडू शकतो. त्यामुळे शांत, मोठा प्राणी बरा. रेबीजची लस चुकवू नये. कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. लस आणि खाण्याचा खर्च कोण करणार, हे आधीच ठरवावे.

इथे तरुणांचे काम सुरू होते. "माझ्या कुत्र्याला कोण बघेल?" या काळजीने आजोबांना ऑपरेशन पुढे ढकलावे लागू नये. प्रत्येक विहारात चार-पाच जणांनी आळीपाळीने ही जबाबदारी घ्यावी : लसीकरणाला नेणे, आजारपणात प्राणी सांभाळणे, सोसायटीशी बोलणे. मात्र प्राणी आणून दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे नाही. कुत्र्याच्या निमित्ताने दार वाजवा आणि आजोबांशी दहा मिनिटे बोला. त्यांना दोन्ही सोबती हवे आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!